वसमतचा वाडा

वसमतला जायचे म्हणजे पूर्णेला गाडी बदलायची. पुण्या-मुंबईकडची मंडळी नांदेडपर्यंत एका झोपेत जातात. पण ज्याला वसमत गाठायचे आहे त्याला पूर्णा जंक्शनवर डोळे चोळत उतरावे लागते आणि अकोल्याच्या बाजूला जाणारी गाडी येईपर्यंत फलाटावर दोन-तीन कप चहा रिचवावा लागतो. माझ्या लहानपणी हा फाटा मीटरगेजचा होता. डबे बुटके, बाके लाकडी, आणि गाडीची चाल अशी रमतगमत, की खिडकीतून हात काढला तर ज्वारीचे कणीस हाताला लागेल असे वाटे. आता रूळ रुंद झाले आहेत, गाडी वेगाने जाते आणि खिडकीतून ज्वारीपेक्षा ऊस आणि हळद जास्त दिसते. येलदरी-सिद्धेश्वरचे पाणी कालव्यांतून आले आणि पूर्णाकाठच्या या काळ्या मातीचा नूरच पालटला.

गावाच्या नावाचीही एक गंमत आहे. रेल्वे त्याला ‘बसमत’ म्हणते, कचेरीचे कागद ‘वसमत’ म्हणतात, जुनी माणसे ‘बसमतनगर’ म्हणतात, आणि ज्यांना प्राचीनतेची हौस आहे ते ‘मूळ नाव वसुमती हो!’ असे सांगून आपली समजूत घालतात. निजामाच्या राज्यात हे गाव परभणी जिल्ह्यात होते. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावरही ते परभणीतच राहिले. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा वसमत तिकडे गेले. व आणि ब यांचा वाद मात्र कोणत्याही जिल्ह्याला मिटवता आलेला नाही, आणि भाषा शिकवण्यावर पोट असलेल्या माझ्यासारख्याला तो मिटू नये असेच वाटते.

गेल्या चैत्रात मी निघालो तेव्हा समोरच्या बाकावर हळदीचे एक अडते बसले होते. पांढरा सदरा, पांढरा पायजमा आणि नखांत पिवळी रेघ. ‘‘कुठले म्हणायचे आपण?’’ इथून सुरुवात झाली. पुण्याचा, असे सांगितल्याने त्यांचे समाधान होईना. ‘‘मग इकडं कुणाकडं?’’ मी आजोळचे आडनाव सांगितले. त्यांचा चेहरा एकदम खुलला. ‘‘म्हणजे वाड्यातल्यांचे भाचे की! अहो, मग आधी नाही का सांगायचं!’’ त्यांनी आपली पिशवी उचलून मला खिडकीशी जागा करून दिली, दशमी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे केली आणि वसमत येईपर्यंत माझ्या आजोबांचे गुण गायले. त्यांनी मला जात विचारली नाही, हे मुद्दाम सांगतो. तशी गरजच पडली नाही. आडनाव हे असे तिकीट आहे, की ते तपासनिसाला दाखवावे लागत नाही आणि त्याचे पैसेही आपण भरलेले नसतात.

आगगाडी आणि आडनाव यांची गाठ पडली, की मला एक दुसरा प्रवास आठवतो. साल १९०१. भीमराव नावाचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा घरातल्या इतर मुलांबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाला. वडील खटाव तालुक्यात नोकरीला होते. मुलांच्या अंगावर नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. मसूर स्टेशनावर उतरल्यावर न्यायला कोणी आलेले नाही असे पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागला. आम्ही महार, असे मुलांनी सांगताच त्याचा चेहरा पालटला. स्टेशनाबाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवाला मुलांना बसवून घेईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, आणि तोही या बोलीवर, की गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने बाजूने पायी चालायचे. जवळ शिदोरी भरपूर होती; पण वाटेत कोणी पाणी दिले नाही, म्हणून मुले उपाशी झोपली. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत ही हकिकत लिहून ठेवली आहे. त्याच आठवणींत १९३४ सालची दौलताबादच्या किल्ल्यावरची हकिकतही आहे, म्हणजे आमच्या मराठवाड्यातली. तेथेही प्रकरण पाण्याचेच होते.

‘कुठले म्हणायचे आपण?’ हा प्रश्न तसा साधाच. मला त्याच्या उत्तराबद्दल खिडकीची जागा मिळाली.

चैत्रात वसमत पिवळे असते. हळद काढून झालेली असते, नाही तर काढणे चालू असते. शेतात कुकर लावून हळद शिजवतात. तिचा उग्र, मातकट वास वाऱ्यावर रस्त्यापर्यंत येतो. शिजलेली हळद उन्हात पसरतात, मग फिरत्या ढोलात घालून घोळतात, की हळकुंडावर ती सराफी चमक येते. वसमतच्या बाजारात हळदीचे ढीग पाहिले म्हणजे पुणेकराला आपल्या मिसळणाच्या डब्यातल्या चिमटीची लाज वाटते. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि गावाने ते अभिमानाने मिरवले. ते योग्यच आहे. पण या सगळ्या व्यवहारात सर्वांत किचकट काम असते ते गड्ड्यांपासून हळकुंडे मोडून वेगळी करण्याचे. उन्हात, मातीत बसून ते बायका करतात. त्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे असतात आणि तो रंग कितीतरी दिवस जात नाही.

हळदीकुंकू ही आमच्या आजोळच्या गल्लीची मोठी हौस. मामी होत्या तोवर चैत्रगौर बसवीत, आंब्याची डाळ आणि पन्हे करीत, आणि गल्लीतल्या एकूण एक घराला बोलावणे जाई. ‘एकूण एक घर’ म्हणजे कोणती घरे, हे कोणाला सांगावे लागत नसे. हात पिवळे असलेल्या त्या बायकांपैकी कोणी त्या पाटावर बसल्याचे मला आठवत नाही. मामी फार प्रेमळ होत्या. त्या कोणाला नको म्हणाल्या असतील असे नाही. तसे म्हणण्याची वेळच कधी आली नाही.

मी वसमतला गेलो होतो तो वाडा विकण्याच्या कामासाठी. मामांचे वय ७८. मामी गेल्या, मुलगा अमेरिकेत सिअ‍ॅटलला. एवढ्या मोठ्या वाड्यात एकटे राहणे आता त्यांना झेपत नाही. त्यांनी पुण्याला आमच्याजवळ येऊन राहायचे ठरले. वाडा आजोबांच्या नावावरचा. त्यामुळे वाटेकरी तिघे: मामा, नागपूरची मावशी आणि आईच्या पश्चात मी. गिऱ्हाइके दोन होती. एक, शेजारचेच गृहस्थ, भिंतीला भिंत लागून. त्यांनी १५ लाख सांगितले. दुसरे गिऱ्हाईक १८ लाख द्यायला तयार होते, आणि तेही एकरकमी. हे दुसरे म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक शिक्षक. गावातले सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. गुरुजी बौद्ध आहेत. राहतात गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडच्या वस्तीत. त्या वस्तीला पूर्वी जातीचे नाव होते. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, त्याच्या कितीतरी आधी तिथल्या लोकांनी आपल्या वस्तीला चांगले नाव दिले होते. गावाच्या तोंडी ते अजून बसायचे आहे. पावसाळ्यात ओढा फुगला, की पाणी त्या घरांत शिरते. आमची गल्ली उंचवट्यावर आहे. ती उंचवट्यावर का आहे, हा प्रश्न त्या गल्लीत वाढलेल्या कोणाला पडल्याचे मला ठाऊक नाही. लहानपणी सुट्टीत मी पावसात नाचत असे आणि पाणी खाली वाहून जात असे, एवढेच मला माहीत. खाली म्हणजे कुठे, ते दिसत नसे.

गुरुजी वाडा पाहायला आले तेव्हा आम्ही दोघे एकमेकांना ‘सर’ म्हणू लागलो. दोघेही शिक्षक, तेव्हा दोघेही सर. मामांना हसू आवरेना. पण मला खरी मौज वाटली ती दोघांच्या बोलण्याची. मामा अस्सल मराठवाडी बोलतात. ‘कामून’, ‘जाऊ लालोत’, ‘काय कराव बुवा’. गुरुजी मात्र इतके प्रमाण, इतके काळजीपूर्वक मराठी बोलत होते, की माझ्या वर्गातल्या पुणेरी मुलांनी ते ऐकावे. एकही अनुस्वार इकडचा तिकडे नाही. मी विचारले, ‘‘सर, तुम्ही घरीही असंच बोलता?’’ ते हसले. म्हणाले, ‘‘घरी नाही हो. पण तुमच्याकडं बोली बोललो, तर लोक म्हणतील, मास्तर असून अशुद्ध बोलतो. तुमच्या मामांना कोण म्हणणार आहे?’’

वीस वर्षे मी वर्गात प्रमाणभाषा आणि बोली यांचा फरक शिकवतो. बोलीचा अभिमान बाळगा, असे मुलांना सांगतो, आणि मनापासून सांगतो. पण बोली मोकळेपणाने बोलणे हीदेखील एक चैन आहे आणि ती सर्वांना सारखी परवडत नाही, हे मला कोणत्याही भाषाशास्त्राच्या पुस्तकात सापडले नव्हते. माझे ‘शुद्ध’ मराठी तरी मी कुठे कमावले? ते आईच्या दुधाबरोबर आले. त्याच भांडवलावर मी एम.ए. झालो आणि त्यालाच लोक माझी बुद्धी म्हणतात. मराठवाड्यातल्या प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ साली आले. ते मी दरवर्षी मुलांना वाचायला सांगतो. अक्षरासाठी माणसाला किती घरांचे उंबरे झिजवावे लागतात आणि किती अर्धपोटी दिवस काढावे लागतात, हे त्या पुस्तकाइतके सरळपणे सांगणारे दुसरे पुस्तक मला माहीत नाही.

वाड्याच्या मागच्या चौकात विहीर आहे. तिला चारही बाजूंनी दगडी बांधणी, उतरायला पायऱ्या. मामांनी गुरुजींना ती मोठ्या अभिमानाने दाखवली. ‘‘बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या बाबांनी ही विहीर साऱ्या गावाला मोकळी केली होती, गुरुजी. रातंदिवस माणसं येत. कुणाला नाही म्हणलं नाही.’’

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आमच्या घराण्याची ती सर्वांत मोठी पुण्याई. लग्नकार्यात, श्राद्धपक्षाला, कोठेही चार माणसे जमली, की ती निघतेच.

गुरुजी म्हणाले, ‘‘हो, मला आठवतं. मी सात वर्षांचा होतो. आईबरोबर येत असे.’’ मग बोटाने मागचे दार दाखवून म्हणाले, ‘‘या दारानं. इथं आम्ही रांगेत बसायचो. विहिरीला हात लावायचा नव्हता. खाली घागर ठेवायची आणि वाड्यातला गडी वरून पाणी ओतायचा. तो दुसऱ्याशी बोलत बोलत ओतायचा, त्यामुळं निम्मं बाहेर सांडायचं. आई म्हणायची, ‘दादा, सांडू नका हो.’ पाणी मात्र गोड होतं.’’

मामा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, ‘‘गडी अडाणी होता तो.’’

‘‘हो,’’ गुरुजी म्हणाले, ‘‘गडीच होता.’’

आणि ते पायऱ्या मोजू लागले.

अस्पृश्यता राज्यघटनेने १९५० सालीच बंद केली होती. १९५५ साली तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला होता. महाडच्या तळ्यावरचा सत्याग्रह होऊन ४५ वर्षे झाली होती. आजोबांना हे सारे ठाऊक होते. ते वर्तमानपत्र नियमित वाचणारे गृहस्थ होते. त्यांनी विहीर मोकळी केली हे खरे, आणि मागच्या दाराने मोकळी केली हेही खरे. आमच्या घरात पन्नास वर्षे ही गोष्ट सांगितली गेली तिच्यात मागचे दार नव्हते. कोणी ते लपवले होते असेही नाही. आम्ही पुढच्या ओसरीवर उभे राहून गोष्ट सांगत होतो, आणि तिथून ते दार दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मामा मला औंढ्याला घेऊन गेले. वसमतला गेले आणि औंढ्या नागनाथाचे दर्शन घेतले नाही, असे आमच्याकडे होत नाही. यादवकाळचे ते काळ्या दगडाचे देऊळ, भिंतींवर शिल्पांची दाटी, आणि आत अरुंद वाटेने उतरून जावे लागते असे गर्भगृह. या देवळाची कथा सर्वांना ठाऊक असते. नामदेव, इकडच्याच नरसी गावचे, जातीने शिंपी. ते देवळापुढे कीर्तन करीत असता पुजाऱ्यांनी त्यांना उठवून मागच्या बाजूला घालवले. तेव्हा देव भक्ताकडे वळला आणि सारे देऊळच फिरले. मामा ही कथा सांगतात तेव्हा त्यांचे डोळे भरून येतात. त्या दिवशीही आले. मीही ती ऐकताना गहिवरतो. सातशे वर्षे महाराष्ट्र गहिवरत आला आहे.

या वेळी मात्र माझे लक्ष भलत्याच ठिकाणी गेले. देव फिरला, देऊळ फिरले. पण नामदेवांना ज्यांनी उठवले त्यांचे पुढे काय झाले, हे कथा सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बहुधा नव्या दाराने आत गेले असतील आणि पूजा करू लागले असतील. आणि ही कथा ऐकताना आपण प्रत्येक जण नामदेवांच्या बाजूला उभे असतो; त्या पुजाऱ्यांचा वंश जणू तेथेच खुंटला! नामदेवांनी चोखामेळ्याच्या अस्थी मंगळवेढ्याहून पंढरपुरास आणल्या आणि देवळाच्या पायरीशी समाधी बांधली. पायरीच्या आत चोख्याच्या जातभाईंना जायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषणाला बसावे लागले. देऊळ फिरवण्यापेक्षा माणसे फिरवायला जास्त वेळ लागतो असे दिसते.

परतताना गाडीत मामांनी विषय काढला. वाडा शेजाऱ्यांना द्यावा असे त्यांच्या मनाने घेतले होते. ‘‘अरे, मला काही त्याचं नाही. गुरुजी माणूस देवासारखा आहे. आमच्याकडं कितीदा चहा प्यायलाय.’’ पण शेजाऱ्यांशी साठ वर्षांचा घरोबा. पण गल्लीतल्या लोकांच्या भावना. पण वाड्यात देवघर आहे, आजोबांनी कुळधर्म केले आहेत. पण गुरुजींनाच तिथे करमणार नाही, त्यांच्या माणसांपासून ते तुटतील. आपण त्यांच्या हिताचा विचार नको का करायला? प्रत्येक कारण सभ्य होते, आणि एकाही कारणात जात हा शब्द नव्हता.

हा सूर मी पूर्वी ऐकलेला होता. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यायचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला, तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. पण पुढची सोळा वर्षे हे प्रकरण धुमसत राहिले आणि सुट्टीत वसमतला आलो, की ओसरीवर त्याचीच चर्चा असे. ओसरीवरची माणसे सुशिक्षित होती. आंबेडकरांच्या विद्वत्तेबद्दल आम्हाला आदरच आहे, असे प्रत्येकाचे पहिले वाक्य असे. पण मराठवाडा हे नाव म्हणजे आपली अस्मिता. निजामाशी लढलो ते याच नावासाठी. पैसे वाचवून दुसरे नवे विद्यापीठ काढा आणि त्याला नाव द्या. ही झाली ओसरीवरची भाषा. खेड्यांत त्याच मताची भाषा निराळी होती. तिथे घरे जळाली, विहिरी नासल्या, माणसे गाव सोडून पळाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांचा बळी घेतला गेला. नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडला स्वतःला जाळून घेतले. ओसरीवरच्या कोणी हातात काडी घेतली नव्हती. जाळपोळ करणाऱ्यांचा ते मनापासून धिक्कार करीत. मात्र दोघांना हवे होते ते एकच.

अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे नाव झाले. सोळा वर्षे ज्याला नामांतर म्हटले त्याला शेवटी ‘नामविस्तार’ म्हटले गेले. भाषेचा शिक्षक म्हणून मला या शब्दाचे नवल वाटत आले आहे. काहीही न बदलता सारे बदलायचे असेल तर मराठीत शब्द मिळतो!

रात्री सिअ‍ॅटलहून मामेभावाचा फोन आला. तोही शेजाऱ्यांच्याच बाजूचा. ‘‘दादा, तीन लाखांसाठी बाबांच्या जुन्या संबंधांत कशाला बिब्बा घालायचा?’’ आता हा माझा भाऊ हुशार, कष्टाळू आणि मनाचा चांगला. काही वर्षांपूर्वी त्याने मला एक हकिकत सांगितली होती. तिकडे त्याला घर भाड्याने घ्यायचे होते. फोनवर मालकाने ‘घर रिकामे आहे’ असे सांगितले; हा बायकोला घेऊन दारात उभा राहिला तेव्हा ‘आत्ताच दिले’ म्हणाला. पुढे महिनाभर त्या घरावर ‘भाड्याने देणे आहे’ ही पाटी होती. ‘‘त्यानं रंगाचा शब्दसुद्धा काढला नाही रे,’’ असे सांगताना त्याचा आवाज कापत होता. गोऱ्या माणसाला आपल्या गोरेपणाचे काय काय फुकट मिळते हे तो मला फार बारकाईने समजावून सांगत असे. पेगी मॅकिंटॉश नावाच्या गोऱ्या अमेरिकन बाईंनी १९८८ साली एक निबंध लिहिला. गोरेपणामुळे आपल्याला रोज न मागता काय मिळते याची यादीच त्यांनी त्यात केली आणि त्या साऱ्याला पाठीवरच्या अदृश्य पडशीची उपमा दिली. तो निबंध मला माझ्या या भावानेच पाठवला होता. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटलच्या नगरपरिषदेने जातीवरून भेदभाव करण्याला बंदी केली तेव्हा तो संतापला. आपल्यात आता कुठे जात राहिली आहे, म्हणाला. ही आपली बदनामी आहे.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, ती अमेरिकेतल्या ज्या लोकांनी काळ्या माणसांना दास्यातून सोडवले त्यांना अर्पण केली. आपल्या शूद्र बांधवांना सोडवताना इकडच्या लोकांनी त्यांचा कित्ता गिरवावा, ही त्यामागची इच्छा. बोट अमेरिकेकडे असले तरी बोलणे आपल्याशी होते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिनेही नाव तिकडच्या काळ्या तरुणांच्या संघटनेवरूनच घेतले. ज्यांना सोसावे लागले त्यांना दोन्हीकडची नाती ताबडतोब कळली. माझ्या भावाला त्यातली निम्मीच कळली. फोन ठेवताना मी त्याला म्हणालो, ‘‘त्या पाटीची गोष्ट एकदा बाबांना सांग.’’ तो बराच वेळ बोलला नाही. मग तिकडे सकाळ होती म्हणून कामाला गेला.

मावशीचा प्रश्न सोपा निघाला. ती ७४ वर्षांची आहे आणि तिला कोणाची भीड नाही. मी सगळे सांगितल्यावर म्हणाली, ‘‘मागचं दार मी पाहिलंय. माझं लग्न व्हायचं होतं तेव्हा. खरंच सांडायचं रे पाणी. मी एकदा बाबांना म्हणलं, तर ते म्हणाले, तू आत जा. मला कागद पाठव, कुठं सही करायची तेवढं सांग.’’

मग मी मामांना सांगितले, की शेजाऱ्यांच्या कागदावर माझी सही मिळणार नाही. मामा रागावले. दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होते. चहा मात्र वेळेवर देत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आपण होऊन म्हणाले, ‘‘गुरुजींना बोलावून घे.’’ त्यांच्या मनात काय झाले हे मी विचारले नाही. रात्री त्यांचे आणि मुलाचे फोनवर बराच वेळ बोलणे झाले होते, एवढे मला ठाऊक आहे.

यात माझा काही त्याग होता असे वाचकांनी समजू नये. हिशेब सरळ आहे. तीन लाख जास्त, म्हणजे माझ्या वाट्याला एक लाख जास्त. आणि हे तीन लाख गुरुजी कशाचे देत होते, याचाही विचार मी केला. वाड्याचे वासे वाळवीने खाल्लेले आहेत, माडी उतरवावी लागणार आहे. किंमत होती ती त्या उंचवट्याची, पाणी न शिरणाऱ्या जागेची, समोरच्या दाराची. जे आम्हाला चार पिढ्या फुकट मिळाले त्याचे ते रोख पैसे मोजत होते, आणि त्यातला तिसरा हिस्सा पुण्याच्या बँकेत माझ्या खात्यावर जमा होणार होता. तो झाला. त्या पैशांतून मुलीची कॉलेजची फी भरली. ती पैसे कुठून आले म्हणून विचारील तेव्हा मी तिला हे सारे सांगणार आहे. अजून तिने विचारलेले नाही.

वैशाखात दुय्यम निबंधकाच्या कचेरीत खरेदीखत झाले. मावशी नागपूरहून गाडीने आली, तीन तास पंख्याखाली बसली आणि सही करून त्याच दिवशी परत गेली. मामांनी देवघरातले देव उचलले आणि विहिरीला हळदकुंकू वाहिले. गुरुजींच्या पत्नी बाजूला उभ्या होत्या. मामा थोडे घुटमळले, मग करंडा त्यांच्यापुढे केला. त्या म्हणाल्या, ‘‘आमच्यात नसतं हो ते, भाऊ,’’ आणि त्यांनी मामांना पाणी आणून दिले. मामा ते उभ्याउभ्याच सगळे प्यायले.

आता मामा आमच्या घरापासून चार इमारती पलीकडे राहतात आणि दर रविवारी गुरुजींना फोन करतात. विहिरीला पाणी किती, माडी उतरवली का, मागच्या चौकातला लिंब राखला का. आषाढात एकदा त्यांनी विचारले, शेजारी कसे आहेत. गुरुजी म्हणाले, ठीक आहेत. फक्त त्यांनी मधली भिंत चार फूट उंच करून घेतली. विटा नव्या आहेत, गिलावा अजून झालेला नाही. चौकात दुपारनंतर ऊन येत नाही.

‘‘मग हो, गुरुजी?’’ मामांनी विचारले.

‘‘मग काय, तिथं हळद लावली आहे,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘थोड्या सावलीत ती बरी येते.’’